‘दंगल’, ‘उठाव’ आणि ‘करावा लागला’

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या एका वाचकाची शंका अशी आहे की, २०११ मध्ये लंडनला झाली ती ‘दंगल’, २०२४ मध्ये बांगलादेशात झाले ते ‘आंदोलन’ आणि २०२५ मध्ये नेपाळात झाला तो ‘उठाव’. जाळपोळ तिन्हीकडे झाली असताना शब्द वेगळे का?

कारण हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. ‘दंगल’ कृतीविषयी बोलते, ‘आंदोलन’ मागणीविषयी, तर ‘उठाव’ म्हणताना सत्तेला दिलेले आव्हान अभिप्रेत असते. (हिंदीत दंगल कुस्त्यांची आणि दंगा शहरातला, मराठीने दोन्ही ठिकाणी ‘दंगल’च चालवली.) बांगलादेशातील विद्यार्थी सरकारी नोकऱ्यांतील आरक्षणाविरुद्ध रस्त्यावर उतरले तेव्हा ते आंदोलन होते, ५ ऑगस्टला शेख हसीना यांनी देश सोडला, तोवर त्याचा उठाव झालेला होता. एकाच घटनेला दोन शब्द लावण्यात म्हणूनच काही वावगे नाही.

मला नामांहून क्रियापदांची अधिक धास्ती वाटते. ‘पोलिसांनी गोळीबार केला’ यात कर्ता दिसतो, ‘गोळीबार झाला’ यात तो गळतो, आणि ‘पोलिसांना गोळीबार करावा लागला’ असे लिहिणारा बातमीदार चौकशी होण्याआधीच नाइलाज मान्य करून मोकळा होतो. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण मृत्युमुखी पडले. नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्त त्यांना आजही ‘हुतात्मे’ म्हणतात. त्या लढ्याला ‘दंगल’ म्हणणारा माणूस तेथे मला भेटलेला नाही.

सरकारी उपायांचे शब्द मात्र काटेकोर आहेत आणि ते तसेच वापरावेत. जमावबंदीत पाच किंवा अधिक जणांनी एकत्र येण्यास मनाई असते, पण एकट्याने ठाणे स्थानक गाठता येते. संचारबंदीत घराबाहेर पडण्यावरच बंधन येते. ढाक्यात आणि काठमांडूत संचारबंदी लागली. लंडनमध्ये ती लावली नाही. तेथे एका रात्री सुमारे १६,००० पोलीस उतरवण्यात आले आणि काही न्यायालये रात्रभर चालली. ठाण्यात सणावाराला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली निघतो तो मनाई आदेश. त्याला सरसकट ‘कर्फ्यू’ म्हणणे चूक आहे.