स्फटिक येतात, पण क्षाराचे!

प्रश्न : मानवी मेंदूतल्या एन-कॅडहेरिनचा (पेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या प्रथिनाचा) पेशीबाहेरचा भाग आम्ही शुद्ध केला. स्फटिकं मिळवण्यासाठी लावलेल्या थेंबात स्फटिक दिसतात, पण क्ष-किरणांखाली ते क्षाराचे निघतात. काय चुकतंय?

उत्तर : बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) फॉस्फेटचा असेल तर पहिला संशय त्यावरच, कॅल्शियम फॉस्फेट लगेच खाली बसतं. कॅल्शियम वगळून मात्र चालणार नाही. शेजारच्या दोन डोमेनांच्या (प्रथिनाच्या स्वतंत्र घडी पडलेल्या भागांच्या) सांध्यात ३ कॅल्शियम आयन असतात. ते गेले की सांधा ढिला होतो आणि रेणू एकसारखे रचलेच जात नाहीत. म्हणून ट्रिस किंवा हेपेस हे फॉस्फेट नसलेले बफर वापरा, ३ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड शेवटपर्यंत ठेवा, कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए टाळा.

तरीही प्रथिनाचे स्फटिक येत नसतील तर प्रथिनाला जोडलेल्या साखरेच्या साखळ्या आड येत असाव्यात. जीएनटी-१ (या साखळ्या गुंतागुंतीच्या करणारं विकर) नसलेल्या एचईके २९३ या मानवी पेशींत प्रथिन बनवा. मग एंडो-एच विकराने एन-साखळ्या (नायट्रोजनमार्फत जोडलेल्या) सहज छाटता येतात.