रस्ता कुत्र्याला ठाऊक नसतो

प्रश्न : माझा पुतण्या 22 वर्षांचा आहे. रेटिनायटिस पिग्मेंटोसाने नजर गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. मोबाइलवर परदेशातल्या वाटाड्या कुत्र्याचा व्हिडिओ पाहिल्यापासून घरात तोच विषय. या कुत्र्याला सिग्नल कळतो का? सांगू तिथे नेतो का? आमच्या मळ्यातलं पिल्लू असं तयार होईल का?
– एक वाचक, पाचोरा तालुका

उत्तर : दादा, मी जन्मांध. भुसावळला बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो, आता निवृत्त. माझ्या हातात पांढरी काठीच आहे. पण शाळेतला एक सोबती अमेरिकेत असतो, त्याच्याकडे असा लॅब्रॅडॉर आहे. आमचं निम्मं फोनबिल त्या कुत्र्याच्या गप्पांवर गेलं.

सिग्नल कुत्र्याला कळत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते माणूस ठरवतो. रस्ताही कुत्र्याला ठाऊक नसतो. रोजची वाट अंगवळणी पडते खरी, पण नव्या ठिकाणी 'दुसऱ्या चौकात डावीकडे' हा हिशेब माणसाच्याच डोक्यात लागतो. कुत्रा खांब आणि हातगाडी यांच्यामधून काढतो, पायरी आली की थांबतो. आणि तुम्ही 'चल' म्हणालात पण समोरून गाडी येतेय, तर तो हुकूम मोडतो. हे त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. नाल्याला पूर आलेला असताना कितीही चुचकारा, बैल पाण्यात पाय घालत नाही, तसंच समजा.

काठीपेक्षा कुत्रा सरस कुठे, ते माझ्या कपाळाला विचारा. बाजारात एक टेम्पो फाळका अर्धवट सोडून उभा होता. काठी त्याच्या खालून आरपार गेली, मी मात्र गेलो नाही. चार टाके. काठी जमीन तपासते, डोक्याच्या उंचीवरचं तिला समजत नाही. शिकवलेला कुत्रा माणसाची उंची-रुंदी धरून चालतो. अशा फाळक्याला तो वळसा घालतो.

पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्गला 1916 मध्ये अशा कुत्र्यांची शाळा निघाली. 1928 मध्ये मॉरिस फ्रँक हा अंध तरुण स्वित्झर्लंडहून बडी नावाची कुत्री घेऊन अमेरिकेत परतला आणि पत्रकारांसमोर न्यूयॉर्कचा गजबजलेला रस्ता तिच्यासोबत ओलांडून दाखवला.

मळ्यातल्या पिल्लाचं म्हणाल तर राहू द्या. ते अनोळखी माणसावर भुंकायला ठेवलंय, इथे नेमकं उलटं हवं. या कामाचं पिल्लू साधारण वर्षभर एका घरात माणसांत वाढवतात, मग काही महिने शिक्षण, मग ज्याच्यासोबत चालायचं त्याच्याबरोबर काही आठवडे. सगळी पास होत नाहीत. शिवाय आपल्याकडे फूटपाथ नाही, गल्लीगल्लीत मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या, आणि मे महिन्यात डांबर असं तापतं की बिचाऱ्याचे पंजे भाजतील. माझा सोबती हे ऐकून हसला नाही, गप्प झाला.

म्हणून आधी काठी. कुत्रा पुढे कधी मिळालाच, तरी डोक्यातला रस्ता त्याआधी तयार हवा. काठी जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत येईल एवढी घ्या. उजवा पाय पुढे पडेल तेव्हा टोक डावीकडे, डावा पडेल तेव्हा उजवीकडे, खांद्यांच्या रुंदीइतकंच. आणि दादा, त्याचा दंड धरून ओढत नेऊ नका. तुमचं कोपर त्याला धरू द्या, तो अर्धं पाऊल मागे चालेल.

मी घरी येताना पिठाच्या गिरणीचा आवाज उजव्या कानाशी आला की वळतो. पुढे भिंत संपते तिथे गालाला वारा लागतो, तोच माझा फाटा. 'कथा जाई राह्यना नाना?', म्हणजे कुठे चाललात, असं कोणी हटकलं की मात्र पावलं चुकतात, परत गिरणीपर्यंत यावं लागतं. तुमच्या पुतण्याच्या वाटेवरही अशा खुणा असतील, त्या त्यालाच शोधू द्या. पहिल्या दिवशी तुम्ही वीस पावलं मागून चाला आणि तो अडखळला तरी तोंडातून शब्द काढू नका.