आर्च टाकू की मिंट? सगळं मनासारखं बदलता यायला हवं, पण रोजचं कामही अडायला नको

लिनक्सच्या या दोन्ही डिस्ट्रो (म्हणजे तयार आवृत्त्या) वापरल्यात, आधी दोन-अडीच वर्षं आर्च आणि आता मिंट, म्हणून सांगतो. तुम्हाला नक्की काय बदलायचंय ते आधी बघा. पॅनेल, थीम, कीबोर्ड शॉर्टकट, विंडो आपोआप शेजारी-शेजारी लागणं, हे सगळं डेस्कटॉपचं, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं काम, डिस्ट्रोचं नाही. केडीई किंवा आयथ्री (दोन्ही असेच प्रोग्राम) जेवढं आर्चवर वाकवता येतं तेवढंच डेबियनसारख्या दुसऱ्या डिस्ट्रोवर पण येतं, आणि त्या सेटिंग बहुतेक होम फोल्डरमध्येच असतात, त्यामुळे डिस्ट्रो बदलली तरी कॉपी करून नेता येतात.

आर्चचा खरा फरक खालच्या थरात. बूटलोडर (मशीन सुरू होताना सिस्टम चालू करणारा प्रोग्राम) कुठला, नेटवर्क कोण सांभाळणार, सगळं तुम्हीच ठरवायचं. इन्स्टॉल करणं आता तेवढं अवघड राहिलं नाही, २०२१ पासून आयएसओमध्येच (डाउनलोड करायच्या इन्स्टॉलच्या फाइलमध्येच) आर्चइन्स्टॉल हा इन्स्टॉलर येतो. त्रास असतो तो नंतरचा. एकदा माझं बूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टम सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) माउंटच, म्हणजे जोडलंच गेलेलं नव्हतं आणि मी न बघता अपडेट मारला. नवीन कर्नल (सिस्टमचा गाभा) भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन बसला, रीस्टार्टला उठला जुनाच, आणि त्याचे मॉड्यूल (वायफाय वगैरे चालवणारे तुकडे) तर अपडेटने काढून टाकलेले! लॉगिन आलं पण वायफाय गायब. पेनड्राइव्हवरून लाइव्ह बूट करून, क्रूट करून (म्हणजे तिथून बिघडलेल्या सिस्टममध्ये शिरून) कर्नल परत टाकला, काम वीस मिनिटांचं, पण नेमकं काय झालंय हे कळेपर्यंत पहाट झाली आणि नऊला मीटिंग. चूक शंभर टक्के माझी, पण मिंटवर ते पार्टिशन कुठे माउंट होतं हे मला आजपर्यंत बघावंही लागलं नाही.

मिंट उबंटू या डिस्ट्रोच्या एलटीएसवर (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीवर) चालतं, म्हणजे एका आवृत्तीला पाच वर्षं अपडेट, आणि टाइमशिफ्ट हा प्रोग्राम आधीपासून असतो, त्याचे स्नॅपशॉट (सिस्टमच्या त्या त्या वेळच्या प्रती) चालू ठेवलेत तर बिघडलं की मागे जाता येतं. बदल्यात सॉफ्टवेअर जरा जुनी मिळतात, लॅपटॉप अगदी नवा असेल तर हे नडू शकतं. आणि हो, मिंटने केडीई एडिशन १८.३ नंतर बंद केलं, तेच हवं असेल तर सरळ कुबुंटू (केडीईवालं उबंटू) किंवा फेडोराचं केडीई घ्या, मिंटवर ओढूनताणून बसवू नका.

तुमचं एकच मशीन आहे आणि कामही त्यावरच, तर मी आर्च टाकणार नाही. हौस असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (आताच्या सिस्टमच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) टाका, महिनाभर अपडेट करत राहा, मजा येतेय की वैताग येतोय ते कळेल. आर्च विकी (आर्चची माहितीची साइट) मात्र बुकमार्क करून ठेवा, मिंटवर काही अडलं तरी मी पहिले तिथेच बघतो.