सातवीतल्या मुलीला फोन दिलाय, तिची खासगी माहिती कशी जपायची?

क्लासच्या ग्रुपसाठी मुलीला फोन दिलाय, तर सुरक्षिततेसाठी कोणतं अ‍ॅप टाकू, असं तुम्ही विचारलंय. अ‍ॅपचं नंतर बघू. आधी तिने टाकलेला एखादा फोटो तिच्यासोबत बसून नीट बघा. शाळा सुटल्यावर गेटपाशी काढलेला साधा फोटो असतो. टायवर शाळेचं चिन्ह, मागे सोसायटीच्या नावाची पाटी, खाली मैत्रिणीची कमेंट, 'उद्या पण साडेपाचला इथेच'. दादर असो की दहिसर, एवढ्यावर अनोळखी माणूस गेटपर्यंत येऊ शकतो. फोटोतून काय काय कळतंय ते तिलाच शोधू द्या. आपण सांगितलेलं मुलं विसरतात, स्वतः शोधलेलं विसरत नाहीत.

मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला लोकेशन टॅग बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर त्यातली जागेची नोंद निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ती तशीच पुढे जाते. प्रोजेक्टचे फोटो अस्पष्ट होऊ नयेत म्हणून मुलं नेमकं तेच करतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि ग्रुप्स या तिन्हींना 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवा. तरीही ग्रुपमधल्या प्रत्येकाला तिचा नंबर दिसतोच. म्हणून क्लासच्या ग्रुपमध्ये तुमचाच नंबर द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

जन्मतारखेकडे मात्र खास लक्ष द्या. इन्स्टाग्रामला किमान 13 वर्षं पूर्ण लागतात आणि सातवीतली मुलं बहुतेक बारा वर्षांची असतात. मग जन्मसाल मागे टाकून खातं उघडलं जातं. त्या सालाने वय 18च्या पुढे गेलं की अ‍ॅप तिला मोठी समजतं. किशोरांची खाती मुळातच प्रायव्हेट असतात, अनोळखी माणसाला त्यांना मेसेज करता येत नाही. खोट्या वयामुळे हे संरक्षणच जातं. स्नॅपचॅट असेल तर मॅपवर घोस्ट मोड लावा, म्हणजे ती कुठे आहे ते इतरांना दिसणार नाही.

चोरून तिचे चॅट वाचू नका. एकदा कळलं की ती दुसरं खातं उघडेल आणि अडचणीत सापडली तरी तुम्हाला सांगणार नाही. 'काहीही झालं तरी फोन काढून घेणार नाही' हे आजच तिला सांगा, आणि पाळा. कोणी फोटोवरून धमकावलं तर पैसे देऊ नका, घाबरून चॅट डिलीट करू नका. त्या खात्याचं नाव आणि मेसेज यांचे स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा. सायबर हेल्पलाइन 1930, मुलांसाठी 1098. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.