धोक्यातली लॅटिनो मुलं आघाताबद्दल बोलत का नाहीत?

तुमचा प्रश्न: अमेरिकेत ज्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलांमध्ये सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या मानसिक आजाराची, पूर्वलक्षणं दिसतात, ती लहानपणचे आघात समुपदेशकापासून का लपवतात, आणि त्यांना बोलतं कसं करावं?

'लपवतात' हा शब्दच झोंबला. लॉस एंजेलिसच्या एका क्लिनिकात मी सोशल वर्कर होते, तिथे माझ्या वरिष्ठांच्या तोंडीही हाच शब्द असायचा.

सतरा वर्षांचा मुलगा (तपशील बदललेत), घरचे एल साल्वादोरहून आलेले. वर्गात कुजबुज ऐकू यायची, बसमधली माणसं आपल्याकडेच बघतात असं वाटायचं. हे आपल्या मनाचे खेळ असतील, ही शंका मात्र शाबूत होती, म्हणून 'धोक्याच्या' गटात. पहिल्याच दिवशी पुढ्यात आघाताची प्रश्नावली. दहा प्रश्न, दहा वेळा 'नाही'. शेजारी आई, तिला इंग्रजी येत नाही, म्हणून अकरा वर्षांची बहीण तिला प्रत्येक प्रश्न स्पॅनिशमधून सांगतेय. लैंगिक अत्याचाराचासुद्धा! मी थांबवायला हवं होतं. नवी होते, गप्प बसले.

त्याआधी आम्ही कायदा ऐकवलेला: अत्याचाराचा संशय आला तर कॅलिफोर्नियात आम्हाला लगेच बालसंरक्षण खात्याला किंवा पोलिसांना फोन करावा लागतो आणि 36 तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. घरात कुणाकडे कागदपत्रं नसली की मुलाला त्यातून एकच ऐकू येतं, 'ला मिग्रा', म्हणजे इमिग्रेशनवाले, येणार. बालसंरक्षण खातं वेगळं, इमिग्रेशन वेगळं, हे आपल्याला ठाऊक. शिवाय 'ला रोपा सुसिया से लावा एन कासा', मळके कपडे घरातच धुवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत वाढलेल्यांना हे फोडून सांगायला नको.

फायलीत नोंद झाली, 'आघात नाही'. मग सहा आठवडे फुटबॉल, आजीच्या पुपुसा (सारण भरलेल्या भाकऱ्या), झोप. सातव्या भेटीत म्हणाला, "तो कागद परत मिळेल? स्पॅनिशमधला." चार चौकोनांत खुणा केल्या, कागद पालथा करून माझ्याकडे सरकवला. तोंडातून शब्द नाही. फोन करावा लागलाच, पण त्याला शेजारी बसवून केला.

वरिष्ठ म्हणाले, उत्तरं बदलली म्हणजे भरवसा कशावर ठेवायचा? अहो, बालपणीच्या आघातांनी सायकोसिसची शक्यता सुमारे पावणेतीनपट होते, हे 2012 च्या मोठ्या आढाव्यात आलंय. एवढ्या मोलाच्या माहितीसाठी सात आठवडे जड झाले? घरातलं लेकरू दुभाषी म्हणून बसवू नका, मुलाला एकटं भेटा, भाषा त्याला निवडू द्या, महिन्याने तेच पुन्हा विचारा. एवढं केलं असतं तर पहिली नोंद झालीच नसती.

हां, खोदून मात्र काढू नका. आघात सोसलेल्या बहुतेकांना सायकोसिस होत नाही, आणि धोक्याच्या गटातही दोन-तीन वर्षांत चारपाचांतल्या एखाद्यालाच होतो. गेलेल्या आजीचा आवाज ऐकू येणं लॅटिनो घरांत अनेकदा आजारही नसतो. आणि मी डॉक्टर नाही.

त्या फायलीत दोन्ही नोंदी आहेत. पहिलीखाली वरिष्ठांची सही, दुसरीखाली माझी.