अ‍ॅस्ट्रॅगॅलस ग्लिसिफायलोसचे मूळ ज्येष्ठमधासारखे वापरता येते का, आणि हे झाड कुंडीत वाढते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते देताना माझा आवाज थोडा चढणार आहे, कारण नेमक्या याच गैरसमजापायी माझे तीन वर्षांचे झाड गेले. या वनस्पतीला युरोपात ‘रानटी ज्येष्ठमध’ म्हणतात ते तिच्या पानांमुळे. ज्येष्ठमधाच्या ‘ग्लिसिऱ्हायझा’ या शास्त्रीय नावाचा अर्थ ‘गोड मूळ’ असा होतो, तर ‘ग्लिसिफायलोस’चा अर्थ ‘गोड पान’. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनीयसने १७५३ मध्ये हे नाव छापले, तेव्हाच खरे तर वाद मिटायला हवा होता. आमच्या घरात तो अजून मिटलेला नाही.

आम्ही थंड प्रदेशात राहत असताना मी याचे बी मिळवले होते. पहिल्या खेपेस वीस बिया नुसत्या पेरल्या आणि दोनच उगवल्या, कारण बियांचे कवच पाणी आत शिरू देत नाही. दुसऱ्या खेपेस प्रत्येक बी बारीक सँडपेपरवर हलकेच घासून कोमट पाण्यात रात्रभर ठेवली. सकाळी ज्या फुगल्या नव्हत्या त्या पुन्हा घासल्या. त्यातले एक रोप कुंपणाशी थेट जमिनीत वाढवले. पहिल्या वर्षी ते जेमतेम वीतभर झाले, पण दुसऱ्या वर्षी त्याच्या फांद्या पेरागणिक वळणे घेत हातभराहून लांब पसरल्या. एकेका पानाला अकरा-अकरा पर्णिका, हिरवट पिवळी फुले आणि नंतर केळ्यांच्या फणीसारख्या वर वळलेल्या शेंगांचे झुबके. पान चावले की आधी गोड लागते आणि मागाहून कडसर.

तिसऱ्या वर्षी थोरले भाऊजी राहायला आले. मी झाडापाशी लावलेल्या पाटीवर ‘रानटी ज्येष्ठमध’ असे वाचून, मी बाहेर गेले असताना, त्यांनी ते मुळासकट उपटले, सोटमूळ धुऊन त्याचे तुकडे केले आणि उन्हात वाळत घातले. मी संतापले तेव्हा उपमुळांवरच्या गाठी दाखवून त्यांनी सांगितले, “अगं, याला कीड लागली होती, बरे झाले काढले ते.” मी एक गाठ नखाने फोडली, ती आतून गुलाबी होती. हा गाठीतल्या लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा रंग असतो आणि त्यावरून गाठीतले जिवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करत असल्याचे कळते. म्हणजे ज्याला ते कीड म्हणत होते ती झाडाची कमाई होती. त्या तुकड्यांच्या काढ्याला ज्येष्ठमधाचा गोडवा अर्थातच आला नाही. तरीही “तुझी मातीच बरोबर नव्हती” हे त्यांचे मत कायम आहे.

मातीचे म्हणाल तर निचऱ्याची, थोडी चुनखडीयुक्त जमीन आणि भरपूर ऊन याला मानवते; नायट्रोजनयुक्त खत देऊ नये, त्याने गाठी कमी धरतात. कुंडीत लावायचेच असेल तर कुंडी खोल घ्यावी आणि बी तिथेच पेरावे, कारण सोटमूळ दुखावले की वाढलेले झाड सहसा जगत नाही. मी मात्र ते कुंडीत लावणार नाही. जमिनीवर पसरणे हा त्याचा स्वभाव आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. चिनी वैद्यकात ज्या अ‍ॅस्ट्रॅगॅलसचे मूळ वापरतात ती जाती वेगळी आहे, आणि तिचे गुण या झाडाला चिकटवू नयेत. अ‍ॅस्ट्रॅगॅलस या प्रजातीत, म्हणजे जातींच्या गटात, सुमारे तीन हजार जाती आहेत. काहींमध्ये स्वेनसोनिन हे विषारी द्रव्य असते, ज्यामुळे चरणारी जनावरे भ्रमिष्टासारखी वागतात, तर काही जमिनीतले सेलेनियम साठवतात. ग्लिसिफायलोसच्या पानांचा चहा करण्याची जुनी प्रथा आहे, परंतु झाडाची ओळख जाणकाराकडून पटवून घेतल्याशिवाय पानही तोंडात घालू नका. शिवाय पाटी लावणार असाल तर तिच्यावर शास्त्रीय नावच लिहा. ज्येष्ठमध हा शब्द पाहुण्यांच्या नजरेस पडू देऊ नका.