वडिलांना अर्धांगवायू झालाय. डिस्चार्जआधी पुनर्वसनाचं काय ठरवून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की वडील 62 वर्षांचे आहेत, उजवी बाजू गेलीय, बोलणं जवळपास बंद आहे, शनिवारी डिस्चार्ज आहे आणि कागदावर 'फिजिओथेरपी चालू ठेवणे' एवढंच आहे. हा आराखडा कोण ठरवतं आणि त्यात घरच्यांनी काय बोलायचं, हे तुम्ही विचारलंय.

आमच्या आण्णांच्या अंगावरून वारं गेलं त्याला तीन वर्षं झाली. त्यांचीही उजवीच बाजू. आम्हालाही तसलाच एका ओळीचा कागद मिळाला होता. म्हणून सांगतो, वडिलांना काय हवंय हे आधी त्यांनाच विचारा. बोलता येत नसलं तरी विचारा. आम्ही नाही विचारलं आणि सुरुवातीचा सव्वा महिना हातचा घालवला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी, काका आणि आण्णांचे तालमीतले एक मित्र असे आम्ही तिघांनी ठरवून टाकलं होतं की आण्णांना चालतं करायचं. रोज एक माणूस यायचा, पाय वरखाली करायचा, तेलाचं मालीश व्हायचं. आण्णा भिंतीकडं तोंड करून पडायचे. व्यायामाची वेळ झाली की डोळे मिटून घ्यायचे. आम्हाला वाटायचं, आळस करतायत. मी त्यांच्यावर ओरडलोसुद्धा आहे. ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

मग ओळखीतून एक फिजिओथेरपिस्ट ताई घरी आल्या. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, संडास मागच्या परड्यात, मध्ये तीन पायऱ्या. ताईंनी आण्णांना हात लावायच्या आधी सगळं घर फिरून बघितलं. दारांची रुंदी मोजली. दवाखान्याच्या सल्ल्यानं घेतलेली चाकाची खुर्ची मागच्या दाराच्या चौकटीतून जातच नव्हती! मग त्यांनी मोबाईलवर फोटो काढायला लावले: जेवणाचं ताट, रंकाळा, गंगावेशीतला दूध कट्टा, आमचं दुकान, संडासाचं दार. एकेक फोटो आण्णांपुढं धरला आणि सावकाश विचारलं, "आण्णा, यातलं आधी काय जमायला पाहिजे?" मी मनात दूध कट्टा धरून बसलो होतो, कारण चाळीस वर्षं त्यांची संध्याकाळ तिथं गेली. आण्णांनी डावा हात संडासाच्या फोटोवर ठेवला आणि उचललाच नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

त्यांचं सगळं माझी बायको करत होती. सुनेनं आपलं पुसायचं, हे त्यांना रोज आतून खात होतं. आणि जी सगळं करत होती, तिलाही आम्ही व्हरांड्यातल्या बैठकीला बोलावलं नव्हतं. तिची कंबर धरली होती, ती कुणाला सांगत नव्हती.

त्या दिवसापासून आराखडा बदलला. 'चालणं' हा मोठा शब्द बाजूला ठेवून त्याचे तुकडे केले. कॉटवरून उठून बसणं, डाव्या हातानं आधार घेत उभं राहणं, वळून कमोड खुर्चीवर बसणं, परत उठणं. सराव नुसत्या पायाचा नाही, त्याच कामाचा. कॉटची उंची विटा लावून वाढवली, डाव्या बाजूला दांडी बसवली. लेंग्याची नाडी एका हातानं सुटत नव्हती, ते बायकोनं पहिल्याच दिवशी ताईंना सांगितलं आणि संध्याकाळी सगळ्या लेंग्यांना इलॅस्टिक घातलं. पायऱ्यांचा नियमही तेव्हाच कळला: चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. दर पंधरा दिवसांनी ताई काय जमलं, काय नाही ते वहीत लिहायच्या आणि पुढचं ठरवायच्या. सातव्या आठवड्यात आण्णा माझा फक्त खांदा धरून गेले आणि दार लोटून घेतलं. कडी लावायची नाही असं ठरलं होतं, पण दार लोटलं त्यांनी स्वतः.

बोलण्याबद्दल. मेंदूची डावी बाजू दुखावली की उजवं अंग जातं आणि बऱ्याचदा भाषाही अडकते, पण माणसाला बरंच कळत असतं. आण्णांना स्वतःचं नाव सांगता यायचं नाही आणि 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' मात्र खणखणीत यायचं. एक पाहुणे म्हणाले, मुद्दाम करतोय. तसं नसतं. अंगवळणी पडलेले शब्द आपोआप बाहेर पडतात, नवीन वाक्य जुळवणं ही वेगळीच गोष्ट. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी 'यांना काही कळत नाही' असं कुणाला बोलू देऊ नका. प्रश्न हो-नाही असा विचारा आणि उत्तराला वेळ द्या.

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय घरी नेऊ नका. आण्णांचे मित्र प्रेमानं कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तांब्यातून घेऊन आले होते. दोन घोटांत ठसका लागला आणि नंतर छातीत कफ होऊन परत दाखल करावं लागलं. अशा पेशंटला पातळ गोष्टच जास्त अवघड जाते, श्वासनलिकेत उतरते. दाटसर द्यायचं, ताठ बसवून, लहान घोट, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, हे स्पीच थेरपिस्टनी शिकवलं. तसंच उठवताना लुळा हात धरून कुणालाही ओढू देऊ नका, खांदा निसटतो आणि ते दुखणं महिनोन् महिने छळतं. भेटायला येणारा प्रत्येकजण नेमका तोच हात धरतो.

भिंतीकडं तोंड करून पडणं म्हणजे आळस नव्हता. झटक्यानंतर नैराश्य येणं नेहमीचं आहे आणि त्यावर उपचार आहेत. आमच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. ती आधी सुरू व्हायला हवी होती.

सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगानं होते, म्हणून ते दिवस फुकट घालवू नका. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगेल, कुणी लांबच्या गावचं औषध. त्यात आठवडे जातात, आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या तर दुसरा झटका येऊ शकतो. सहा महिन्यांनंतर दार बंद होतं असंही नाही. आण्णांची बोटं दुसऱ्या वर्षी थोडी उघडायला लागली.

पैशांचं स्पष्ट बोला. आम्ही ताईंना सांगितलं की आठवड्यातून तीनच दिवस परवडतं. त्यांनी वाईट मानलं नाही, उरलेल्या दिवसांचं बायकोला आणि मला शिकवलं. सीपीआरमध्येही, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, चौकशी करा. अपंगत्व कायमचं राहिलं तर पुढं प्रमाणपत्र काढा, 2016 च्या कायद्याप्रमाणं 40 टक्के किंवा जास्त असेल तर सवलतींना उपयोगी पडतं. पण ते आत्ताचं काम नाही.

आत्ताचं काम हे: साहेब राऊंडला येतील तेव्हा वडिलांचं सगळं जी करणार आहे तिला समोर उभं करा. गिळणं, उठवणं, कूस बदलणं तिच्या हातून एकदा करून घ्यायला सांगा. पुन्हा तपासणी कधी, ती तारीख कागदावर लिहून घ्या. आणि शनिवारची वाट न बघता आजच घरी जाऊन संडासाचं दार टेपनं मोजा, पायऱ्यांचे फोटो काढा आणि ते वडिलांपुढं धरा.